रजिस्ट्री आहे, टॅक्स भरतो, मग नकाशा का अडतो?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी 1994 साली नागपुरात दिघोरीकडच्या एका लेआउटमध्ये 30 बाय 50 चा, म्हणजे 1500 स्क्वेअर फुटांचा प्लॉट घेतला. रजिस्ट्री झाली, चार खोल्यांचे घर झाले, तेव्हापासून घरटॅक्स भरणे चालू आहे, विजेचे मीटर आहे, नळ आहे. आता ते घर पाडून दुमजली बांधायचे म्हणून नकाशा करायला दिला, तर आर्किटेक्ट म्हणाले की प्लॉटचे आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, नाही आणि शिवाय विकास आराखड्यात अर्ध्या प्लॉटवर खेळाच्या मैदानाचे आरक्षण दिसते. शेजाऱ्याने तीन मजले चढवून खाली दुकाने काढली, त्याला कोणी विचारत नाही. आणि शेवटी एक वाक्य, जे मी या कामात 26 वर्षे ऐकत आलो आहे: ‘तीस वर्षे टॅक्स भरला, तो काय फुकट गेला?’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण सगळा गुंता तिथे आहे.

मागे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. साडीच्या दुकानाची जुनी पिशवी, तिच्यात एक वाकवलेली तार, आणि तारेत ओवलेल्या घरटॅक्सच्या पावत्या. सगळ्यात खालच्या पावतीचे भोक गंजून तांबडे झाले होते. त्यांनी ती तार टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘मोजा. एकही साल सुटलेलं नाही.’ मी मोजल्या नाहीत. कारण त्या तारेवर शंभर पावत्या असत्या तरी एक गोष्ट सिद्ध झाली असती, की घर उभे आहे आणि त्यावर कर लागला. कर घर असण्यावर लागतो, घर कायदेशीर असण्यावर नाही. उलट महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ मध्ये अनधिकृत बांधकामावर वेगळी शास्ती लावायची सोय आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजायचे नाही हेही तिथेच लिहिले आहे. मीटरचे तसेच, नळाचे तसेच.

आपल्याकडे लोक कागदांची एकच थप्पी समजतात. जितकी जाड तितकी बळकट. खरे तर चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला वेगळे दार आहे. जमीन कोणाची? त्या जमिनीवर काय करता येते, म्हणजे झोन कोणता आणि आरक्षण आहे की नाही? ती जमीन तोडून जे प्लॉट पाडले ते कोणी मंजूर केले का? आणि त्या प्लॉटवर उभे राहिलेले किंवा राहणार असलेले घर मंजूर आहे का? तुमच्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, तेही बहुतेक. उरलेल्या तिघांचे नाही. पहिल्या प्रश्नाचा कागद दाखवून दुसऱ्याच्या दारात उभे राहिले की ‘चकरा मारतो आहे, कोणी ऐकत नाही’ असे वाटू लागते.

पहिल्या उत्तराला ‘बहुतेक’ का म्हटले ते सांगतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही हे तपासणे त्याचे काम नव्हे. 1994 साली नागपूरच्या दक्षिणेला लेआउट कसे टाकले जात हे ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याकडून सौदा चिठ्ठी आणि आममुखत्यारपत्र घ्यायचे, चुन्याने रेघा मारायच्या, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या नावाने पावत्या फाडायच्या आणि हप्ते पूर्ण झाले की रजिस्ट्री. पुष्कळ ठिकाणी आजही सातबारावर त्या शेतकऱ्याचे किंवा त्याच्या मुलांचे नाव आहे. म्हणून मौजा, म्हणजे गाव, आणि खसरा, म्हणजे सर्व्हे क्रमांक घेऊन पटवाऱ्याकडून चालू सातबारा आणि जुने फेरफार काढा. आणखी एक गोष्ट त्या काळच्या जमिनींना हमखास चिकटलेली असते, ती म्हणजे नागरी जमीन कमाल धारणा कायदा. 1976 चा तो कायदा महाराष्ट्रात 29 नोव्हेंबर 2007 पासून रद्द झाला, पण त्याआधी जी जमीन अतिरिक्त ठरून शासनाच्या ताब्यात गेली ती गेलीच. तुमच्या खसऱ्यावर तसा काही शेरा आहे का ते बघा. असेल तर पुढचे सगळे वाचण्याआधी वकील गाठा.

आता दार कोणते ते. नागपुरात हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. महानगरपालिका आहे, नागपूर सुधार प्रन्यास आहे, आणि 2017 पासून शहराबाहेरच्या सातशेहून अधिक गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए आहे. प्रन्यास महापालिकेच्या सध्याच्या रूपापेक्षा जुनी, 1936 च्या स्वतंत्र कायद्यातून जन्मलेली. त्यामुळे शहराच्या आतसुद्धा काही सुधार योजनांमध्ये प्रन्यास आणि बाकी ठिकाणी महापालिका असा कारभार वर्षानुवर्षे चालला, आणि कोणता अधिकार कोणाकडे हे मधल्या काळात बदलतही राहिले. रस्त्याच्या या बाजूचा अर्ज सदरला आणि त्या बाजूचा सिव्हिल लाइन्सला, असे मी स्वतः केलेले आहे. तोंडी विचारू नका. ज्या कार्यालयाकडे जाल त्यांच्याकडून तुमच्या खसऱ्याचा झोन दाखला आणि भाग नकाशा लेखी मागा. दाखल्यावर ज्याचा शिक्का, तो तुमचा नियोजन प्राधिकारी. त्याच दाखल्यावर झोन, आरक्षणाचा क्रमांक आणि प्रस्तावित रस्ता असेल तर त्याची रुंदी येते.

आरक्षणाकडे येऊ. इथे जरा थांबून बोलतो, कारण तुमचा सगळा मामला याच्यावर उभा आहे.

‘अर्ध्या प्लॉटवर आरक्षण आहे’ हे तुमच्या आर्किटेक्टने कशावरून म्हटले? बहुधा विकास आराखड्याची प्रत संगणकावर मोठी करून. आराखड्याचा नकाशा 1:4000 प्रमाणाचा धरला, तर तुमचा 30 फुटांचा दर्शनी भाग, म्हणजे 9.14 मीटर, त्या कागदावर सव्वादोन मिलिमीटरचा असतो. आरक्षणाची हद्द दाखवणारी शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर ती रेघच जमिनीवर दोन मीटर रुंद झाली. रेघेच्या अलीकडची कड धरायची की पलीकडची, एवढ्यावर तुमच्या हॉलची एक भिंत आरक्षणात जाते किंवा बाहेर राहते. त्यात छायाप्रतीची छायाप्रत असेल तर कागद ताणला जाऊन आणखी फरक पडतो. म्हणून पहिले काम भूमी अभिलेख कार्यालयाकडून खसऱ्याची मोजणी, आणि दुसरे काम त्या मोजणीवर नियोजन प्राधिकाऱ्याकडून आरक्षणाची हद्द आखून घेणे. डिमार्केशन म्हणतात ते हेच. खर्च होतो, महिने जातात, आणि लोकांना हा टप्पा वायफळ वाटतो. माझ्या हातून गेलेल्या दोन प्रकरणांत मोजणी झाल्यावर आरक्षण प्लॉटच्या कंपाउंडपलीकडे निघाले आणि तिथेच विषय संपला. एका प्रकरणात उलटे झाले, अर्धा वाटत होता तो आख्खा प्लॉट आत गेला. तेही कळलेले बरे.

समजा, आरक्षण खरेच तुमच्या प्लॉटवर आहे. तर मग महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 127 नीट समजून घ्या. आरक्षण टाकणे म्हणजे सरकारने जमीन घेतली असे नव्हे. सरकार म्हणते, ही जागा आम्हाला मैदानासाठी लागेल, तोवर इथे दुसरे काही करू नका. पण हे ‘तोवर’ अनंतकाळ चालू शकत नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते की एक तर घ्या, नाही तर सोडा. याला खरेदीची सूचना म्हणतात आणि नाव बरोबर आहे, कारण तुम्ही खरोखरच विकायला तयार असल्याचे सांगता. ही नोटीस पोचल्यापासून 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते, आणि शेजारच्या जमिनीवर जो वापर चालतो तो तुमच्यावरही चालतो. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, 2015 च्या दुरुस्तीने चोवीस झाली. मालकाच्या वाट्याला दर दुरुस्तीगणिक वाट पाहणेच वाढत गेले, हे माझे मत समजा.

नागपूर शहराचा सध्याचा आराखडा 2000 साली मंजूर झाला. म्हणजे दहा वर्षे कधीच उलटली. तरीही आरक्षण आपोआप उठत नाही, नोटीस दिल्याशिवाय घड्याळच सुरू होत नाही. ‘वीस वर्षं झाली, आता ते रद्दच झालं’ असे दलाल सांगतात, ते खोटे आहे. आणि इथे एक घाई आहे. कायद्याच्या कलम 38 प्रमाणे आराखडा वीस वर्षांत एकदा तरी सुधारायचा असतो. सुधारित आराखड्यात तेच आरक्षण पुन्हा दाखवले आणि तोपर्यंत तुम्ही नोटीस दिलेली नसेल, तर दहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या एका निकालात हे स्पष्ट केले. म्हणून नव्या आराखड्याचे काम कोणत्या टप्प्यावर आहे ते या आठवड्यात विचारा. प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकतीला ठरावीक मुदत मिळते, ती हरकत द्याच, पण नोटीस तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

नोटीस कोणाला द्यायची यात पुष्कळ जण चुकतात. प्रत्येक आरक्षणाचा एक समुचित प्राधिकारी असतो, म्हणजे ज्या खात्यासाठी जागा राखली ते खाते, आराखड्याच्या अहवालातल्या आरक्षणांच्या यादीत त्याचा रकाना असतो. मैदान बहुधा महापालिकेचे किंवा प्रन्यासचे असते, पण शाळेचे, पोलीस ठाण्याचे, बस डेपोचे आरक्षण दुसऱ्या खात्याचे निघू शकते. माझा नियम असा, की नियोजन प्राधिकारी आणि समुचित प्राधिकारी दोघांनाही द्यायची, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सोबत रजिस्टर्ड विक्रीपत्र, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा. मालकीचे कागद जोडणे ही कायद्याची अट आहे. कागद अपुरे असले की बाविसाव्या महिन्यात ‘मालकी सिद्ध होत नाही’ असे पत्र येते आणि दोन वर्षे पाण्यात. वडील हयात नसतील तर आधी वारसांची नोंद करून घ्या, आई आणि बहिणींसह सगळ्यांच्या सह्यांनी नोटीस द्या. आणि आवक शिक्का, तारीख, आवक क्रमांक असलेली पोच जपा. चोवीस महिने त्या शिक्क्यापासून मोजायचे आहेत, तुम्ही सही केली त्या दिवसापासून नाही.

मधल्या काळात काय होते ते सांगतो, म्हणजे घाबरणार नाही. एक-दोन महिन्यांनी कागद मागणारे पत्र येईल, त्याला आठवड्यात उत्तर द्या. मग सभागृहात किंवा समितीत ठराव होईल की जमीन संपादनाचा प्रस्ताव पाठवावा. मग जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जाईल. आणि तुम्हाला सांगतील, ‘पावले उचलली.’ ही पावले नव्हेत. 2007 साली गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पाऊल म्हणजे संपादनाकडे खरोखर नेणारे पाऊल, कलम 126 खालची घोषणा प्रसिद्ध होणे. ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नाही.

दुसरी शक्यताही मनात ठेवा, की ते खरेच घेतील. तर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या हिशोबाने मोबदला मिळतो, त्यात बाजारभावाइतकेच दिलासा रक्कम म्हणून वर येते. किंवा पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ करतील. गावठाणाबाहेरच्या जागेत दिलेल्या जमिनीच्या दुप्पट टीडीआरचा नियम आहे, ऐकायला चांगला वाटतो. पण ज्याची राहायची जागाच तेवढी आहे त्याने टीडीआर घेऊन जायचे कुठे? तो घेणे तुमच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही. घरांनी भरलेल्या लेआउटवरचे मैदान रोखीने संपादन करायला पालिकेकडे पैसा असतो असे मी फारसे पाहिले नाही. म्हणून नोटीस एकट्याने देऊ नका. तुमच्यासारखे दहा-बारा प्लॉटधारक असतील. प्रत्येकाची नोटीस वेगळी, कागद वेगळे, पण एकाच दिवशी द्या. त्याच वेळी कलम 37 खाली आराखड्यातल्या फेरबदलाचाही अर्ज करता येईल. तो शासनापर्यंत जातो आणि हळू चालतो, पण एकगठ्ठा अर्जाला वजन येते. चोवीस महिन्यांनंतर व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात यायला हवी, तीसुद्धा मागे लागून काढावी लागते. नाही निघाली तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे दार.

आणि हे सगळे करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे बघा. तुमच्या लेआउटमध्ये मुले खेळतात कुठे? त्या आरक्षणाखाली नुसती घरे नसतील, एखादा मोकळा तुकडाही उरला असेल. तो तुकडा तुमच्या गटाच्या अर्जात घुसवायला कोणी तरी येईल. तेवढे होऊ देऊ नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहराला एकदम आठवले की नाल्याला आणि मोकळ्या जागेला काही काम असते. तुमच्या लेआउटला लागून नाला असेल तर पूररेषाही तपासा. निळ्या रेषेच्या, म्हणजे पूररेषांपैकी पात्राला जवळच्या रेषेच्या, आत नवे बांधकाम होत नाही, आणि त्याला कलम 127 चा इलाज नाही.

आरएलचे आता. नागपुरात ‘572’ आणि ‘1900’ असे नुसते आकडे उच्चारले तरी समोरच्याला कळते, अनधिकृत लेआउटचे ते दोन गठ्ठे प्रन्यासने नियमित करायला घेतले होते. तुमचा लेआउट यांपैकी एकात आहे का, हे सगळ्यात आधी यादीत पाहा, कारण असेल तर अर्धी वाट कोणी तरी आधीच चाललेली आहे. कायदा 2001 चा गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांचा. मूळ मुदत 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या लेआउटची होती, 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. तुमचा प्लॉट 1994 चा, म्हणजे दोन्ही हिशोबांत बसतो. अर्ज, प्रशमन शुल्क (अनधिकृतपणा मिटवण्याची रक्कम), विकास शुल्क, मग डिमांड नोट, ती भरली की नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आरएल. पण आरक्षण कायम असेपर्यंत हे पत्र अडते. म्हणून क्रम लक्षात ठेवा, मोजणी आधी, आरक्षण मग, आरएल त्यानंतर. लोक उलटे करतात. आरएलचा अर्ज टाकतात, तो आरक्षणाच्या शेऱ्यासह परत येतो, आणि प्रन्यासला शिव्या देत बसतात. आणि आरएल म्हणजे नव्या घराची परवानगी नव्हे, हेही जाता जाता. प्लॉटला मान्यता मिळाली, घराचा नकाशा वेगळा.

तो नकाशा या सगळ्यात सोपा भाग आहे. 3 डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडून राज्यभर एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तुमचा प्लॉट 139 चौरस मीटरचा. 150 चौरस मीटरपर्यंतचे प्लॉट कमी जोखमीचे धरले आहेत, आर्किटेक्टने नियमात बसणारा नकाशा प्रमाणित करून शुल्क भरले की त्या पावतीवरच काम सुरू करता येते. अट एकच, प्लॉट निर्दोष हवा, म्हणजे मान्यता असलेला आणि आरक्षण नसलेला. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण. गावठाणाबाहेर मूळ एफएसआय 1.10, म्हणजे 1650 स्क्वेअर फूट. अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी वापराला त्यावर 60 टक्के अनुषंगिक, म्हणजे जिना-बाल्कनीसारख्या भागांसाठीचा, एफएसआय मिळतो. याच्या पुढे चढायचे तर रस्ता बघावा लागतो. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर अधिमूल्याचा जादा एफएसआय किंवा टीडीआर चढत नाही. 9 ते 12 मीटरच्या रस्त्यावर तो 2.00 पर्यंत जातो. विक्रीपत्रात ‘30 फुटी रस्ता’ लिहिलेला असतो, टेप लावली की 22 फूट निघतो, दोन्ही बाजूंनी ओटे, पायऱ्या आणि तुळशी पुढे आलेल्या असतात. म्हणून रस्ता मोजून घ्या, कागदावरून घेऊ नका. तुमची गरज दोन मजल्यांची आहे, ती 1.10 आणि अनुषंगिकात आरामात भागते. त्यामुळे एफएसआयच्या बाजारात शिरूच नका.

शेजाऱ्याचे. तुम्हाला राग येणे साहजिक आहे, पण त्याचा तुमच्या अर्जात काही उपयोग नाही. त्याला सूट मिळाली म्हणून मलाही द्या, हा युक्तिवाद न्यायालयात एका मिनिटात पडतो, बेकायदा गोष्टीत समानता मागता येत नाही. गावठाणाबाहेर 12 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचे प्लॉट आर-1, म्हणजे निव्वळ निवासी, झोनमध्ये येतात, तिथे घरातल्या वकिलाचे किंवा डॉक्टरचे छोटे कार्यालय चालते, खाली दुकानांची रांग काढून वर भाडेकरू ठेवणे तसे चालत नाही. त्याला आज कोणी विचारत नाही, कारण त्याने कोणाला विचारलेच नाही. ज्या दिवशी तो विकायला किंवा कर्ज काढायला जाईल त्या दिवशी विचारतील. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्राशिवाय कर्ज आणि जोडण्या देऊ नयेत असे निर्देश दिले आहेत, आणि बँका आता नागपुरातही नकाशा पाहिल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाहीत. तक्रार करायची तर कलम 53 खाली नोटीस देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पण तुमचेही घर विना-परवानगीच आहे हे विसरू नका. तक्रारीवर येणारा अभियंता दोन्ही घरांचे फोटो काढतो. असे भांडण मी दोन भावांत पाहिले आहे, दोघांनाही एकाच तारखेच्या नोटिसा आल्या.

तोवर काय करायचे? सगळ्यात आधी, जुने घर पाडू नका. हे मी ठळक सांगतो आहे कारण कंत्राटदार पहिला सल्ला हाच देतो, ‘पाडून तर टाका, मग बघू.’ जे घर 1994 पासून उभे आहे त्याला गुंठेवारीत, मोबदल्यात, सुनावणीत काही तरी किंमत आहे. मोकळ्या प्लॉटला, ज्यावर मैदानाचे आरक्षण आहे, काहीच नाही. घर गळत असेल तर दुरुस्ती करा. घराच्या आतले, किंवा बाहेरून रूप न बदलणारे काम कलम 43 प्रमाणे परवानगीशिवाय करता येते. वॉटरप्रूफिंग, फरशी, वायरिंग, दरवाजे, सगळे चालते. स्लॅब टाकणे चालत नाही, टिनाऐवजी स्लॅब हाही त्यातच येतो. आणि कोणी म्हणेल की अर्ज टाका, 60 दिवस उत्तर आले नाही की परवानगी मिळाली असे समजायचे. कलम 45 मध्ये तशी तरतूद आहे खरी, पण ती नियमात बसणाऱ्या नकाशालाच लागू होते. आरक्षणावरचा नकाशा नियमात बसतच नाही, त्यामुळे एकसष्टाव्या दिवशी पाया खणणारा माणूस बासष्टाव्या दिवशीही अनधिकृतच असतो. नामंजुरी लेखी आली तर मात्र ती जपून ठेवा. तिच्याविरुद्ध कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते, त्याला 40 दिवसांची मुदत आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे की भाऊ म्हणतो, विकून मोकळे होऊ. त्याचे उत्तर असे. आरक्षण लपवून विकलात तर घेणारा तुम्हाला कोर्टात ओढेल. सांगून विकलात तर तुमच्या आजूबाजूच्या आरएल प्लॉटचा भाव तुम्हाला मिळणार नाही, आणि घेणारा बहुधा तोच असेल जो सध्या सगळ्या लेआउटमध्ये अशा प्लॉटचे सौदे करत फिरतो आहे. तो का फिरतो आहे याचा विचार करा. कलम 127 ची नोटीस त्याला तुमच्याइतकीच देता येते, आणि चोवीस महिने थांबायला त्याला घरभाडे भरावे लागत नाही. विकायचेच असेल तर निदान नोटीस देऊन, पोच हातात घेऊन, मग भाव बोला.